नागपूर : राजधानीपद गेल्यावर

राजधानीपद हें शहराच्या अंगावरील दागिन्यासारखें आहे. तें अंगावर असतें तोंवर पाहणाराची दृष्टि त्याच्यावरच खिळून राहते. तें उतरलें म्हणजे मग शहराचें मूळचें रूप कसें आहे हें दिसूं लागतें. जपानच्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. इ. स. ७९४ मध्यें सम्राट् कम्मु यानें हेइआन नांवाचें जें नगर राजधानी केलें, तेंच आजचें क्योटो. क्योटो या शब्दाचा अर्थच मुळीं ‘राजधानी’ असा आहे. हजारांहून अधिक वर्षें जपानच्या सम्राटांचा निवास तेथें होता. खरी सत्ता पुष्कळदां शोगुन या सेनाधिपतींच्या हातीं असे व ती दुसऱ्याच नगरांतून चाले. तथापि सिंहासन तेथून कायमचें हललें नव्हतें. १८६८ सालीं राज्यक्रांति झाली, एदो शहराचें नांव बदलून ‘पूर्वेकडील राजधानी’ या अर्थाचें तोक्यो हें नांव ठेवण्यांत आलें, आणि १८६९ मध्यें सम्राट् तिकडे गेले ते पुनः राहावयास परत आले नाहींत. सम्राटाच्या मागोमाग सरदार गेले, सरदारांच्या मागोमाग त्यांच्यावर पोसणारे कारागीर व व्यापारी गेले, आणि लोकवस्ति झपाट्यानें उतरली. पद गेलें, नांव तेवढें मागें राहिलें. अशा शहरानें पुढें काय करावें?

हा प्रश्न आम्हांस जपानच्या निमित्तानें सुचला असला, तरी तो आमच्या घरचाच आहे. ज्या नागपुरांत आमचें आयुष्य गेलें, त्या नागपुरानें राजधानीपद एकदां नव्हे, अनेकदां मिळविलें व गमाविलें आहे. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, आम्हां नागपुरकरांस आपल्या शहराचा इतिहास नीट सांगतां येत नाहीं. कांहीं वर्षांमागें विद्यार्थ्यांचा एक मेळा घेऊन आम्ही महालांतून सीताबर्डीपर्यंत पायीं निघालों होतों. गांधीसागराच्या कांठीं थांबून आम्हीं विचारलें, ‘‘हें शहर कोणीं वसविलें?’’ चहूंकडून एकच उत्तर आलें, ‘‘भोंसल्यांनीं!’’ मागें उभी असलेली एक मुलगी अगदीं हळू आवाजांत म्हणाली, ‘‘सर, गोंडांनीं.’’ ती स्वतः गोंड समाजांतील होती. तिचें उत्तर बरोबर होतें. परंतु तें इतक्या संकोचानें यावें याचें आम्हांस त्या दिवशीं वाईट वाटलें, आणि या लेखाचें बीज तेथेंच पडलें.

नागपूर वसविलें तें देवगडच्या गोंड राज्याचा राजा बख्त बुलंद यानें, इ. स. १७०२ च्या सुमारास. राज्यासाठीं औरंगजेबाचें साह्य मिळावें म्हणून हा राजा दिल्लीच्या दरबारीं गेला व त्यानें इस्लाम धर्म स्वीकारला. परंतु तेथून तो केवळ नवें नांव घेऊन आला असें नाहीं. भरभराटलेलें राज्य कसें असतें याची कल्पनाही त्यानें बरोबर आणली. डोंगराळ मुलुखांतील देवगड सोडून नाग नदीच्या कांठच्या सपाट, काळ्या जमिनीकडे त्याची दृष्टि वळली. या जागीं असलेल्या लहान लहान बारा वाड्या एकत्र करून त्यानें शहराची उभारणी केली असें परंपरा सांगते, व त्यावरूनच ‘राजापूर बारसा’ हें जुनें नांव पडलें. हिंदु व मुसलमान असे दोन्ही धर्मांचे शेतकरी व कारागीर त्यानें बाहेरून बोलावून आपल्या राज्यांत वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान यानें राजधानी देवगडाहून येथें आणली, शहराभोंवतीं कोट घातला आणि एक मोठा तलाव बांधला. तोच जुम्मा तलाव. पुढें लोक त्यास शुक्रवारी तलाव म्हणूं लागले, आणि आज तो गांधीसागर आहे. जुम्मा दरवाजाचेंही असेंच गांधी गेट झालें. गोंड, मराठे, इंग्रज व स्वराज्य अशा चार राजवटी या तलावानें पाहिल्या. प्रत्येकानें नांवाचा विचार केला, पाणी मात्र चांद सुलतानानेंच अडविलेलें आहे.

चांद सुलतान वारल्यावर गादीचा तंटा लागला. वलीशाह यानें राज्य बळकाविलें, तेव्हां राणी रतनकुंवर हिनें वऱ्हाडांतून रघूजी भोंसले यास मदतीस बोलाविलें. रघूजी आला, राणीच्या पुत्रांस त्यानें गादीवर बसविलें, आपला मोबदला घेऊन तो परतही गेला. परंतु पुढें बुऱ्हाणशाह व अकबरशाह या भावांत कलह माजला तेव्हां तो पुनः आला, आणि १७४३ पासून नागपुरास भोंसल्यांचें राज्य सुरू झालें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रघूजीनें बुऱ्हाणशाहास हांकून दिलें नाहीं. त्यास ‘राजा’ ही पदवी व नेमणूक देऊन नागपुरांतच ठेवलें. म्हणजे नांवाचा राजा एक व सत्तेचा धनी दुसरा. क्योटोंतील सम्राट् आणि शोगुन यांचा जो प्रकार जपानांत शतकानुशतकें चालला, त्याचीच एक लहानशी प्रतिमा नाग नदीच्या कांठीं उमटली होती. फरक इतकाच कीं, जपानांत शेवटीं नांवाचा राजा सत्तेचा धनी झाला. येथें तो विस्मृतींत गेला.

सेनासाहेबसुभा ही पदवी धारण करणाऱ्या भोंसल्यांनीं नागपुरास जें वैभव आणलें तें अद्वितीय होतें यांत शंका नाहीं. पहिल्या रघूजीनें १७४१ मध्यें दक्षिणेस त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें. त्यानंतर दहा वर्षें त्याच्या फौजा बंगालवर तुटून पडत होत्या, आणि १७५१ च्या तहानें अलिवर्दीखानानें कटक प्रांत सोडून दिला व बंगालच्या चौथाईचे सालीना १२ लाख रुपये देण्याचें कबूल केलें. हा पराक्रम आम्ही शाळेंत अभिमानानें शिकलों व आमच्या विद्यार्थ्यांस शिकविलाही. परंतु इतिहास लिहिणारानें नदीच्या दोन्ही तीरांवर उभें राहिलें पाहिजे. या स्वाऱ्यांच्या धास्तीनेंच कलकत्तेकरांनीं १७४२ मध्यें शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला, आणि ‘बर्गी’, म्हणजे आमचे बारगीर, हा शब्द बंगाली आयांच्या अंगाईगीतांत मुलांस भय घालण्यासाठीं जाऊन बसला. महालांतील वाड्यांचे कोरीव खांब पाहतांना त्यांतील कांहीं पैसा कोणाच्या घरांतून आला होता, याचा विसर पडूं देणें हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

दुसऱ्या रघूजीच्या काळांत राज्य विस्तारानें मोठें झालें व त्याच्याच डोळ्यांदेखत आटलें. १७९९ मध्यें कलकत्त्याहून कोलब्रूक हा संस्कृतज्ञ वकील म्हणून त्याच्या दरबारीं आला, त्या वेळीं इंग्रजांस नागपूरकरांची मैत्री हवी होती. चारच वर्षांनीं, १८०३ मध्यें, असई व अडगांव येथील पराभवानंतर देवगांवच्या तहानें कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेलें. १८१७ च्या नोव्हेंबरांत २६ व २७ या तारखांस सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली, आणि अप्पासाहेबांचा पराभव होऊन स्वातंत्र्य संपलें. तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारला. डलहौसीनें दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्यें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे व बैल विकण्यांत आले, जडजवाहीर लिलांवासाठीं कलकत्त्यास गेलें. उरलेल्या वैभवाचा शेवट अग्नीनें केला. काळ्या दगडाचा व लांकडी कोरीव कामानें नटलेला भोंसल्यांचा राजवाडा १८६४ मध्यें जळाला, आणि त्याचें प्रवेशद्वार, म्हणजे नगारखाना, तेवढा शिल्लक राहिला. आंत राजवाडा नाहीं आणि बाहेर नगारखाना उभा, हें दृश्य नागपूरच्या इतिहासाचें सार सांगणारें आहे.

तथापि राज्य गेलें तरी राजधानी गेली नाहीं. १८६१ मध्यें नागपूर प्रांत व सागर-नर्मदा प्रदेश मिळून मध्यप्रांत निर्माण झाला व त्याचें मुख्य ठिकाण नागपूर ठरलें. १८६७ मध्यें मुंबईहून आगगाडी आली. १९०३ मध्यें वऱ्हाड या प्रांतास जोडलें गेलें. इंग्रजांनीं आपलें नगर जुन्या शहरांत न वसवितां सीताबर्डीच्या पश्चिमेस, झाडांच्या सावलींत वसविलें. १८६३ मध्यें स्थापन झालेलें अजब बंगला या नांवानें ओळखलें जाणारें वस्तुसंग्रहालय, महाराजबाग, कायदेमंडळाची इमारत, आणि लँकेस्टर यानें आंखलेलें व १९४० मध्यें उघडलेलें घुमटाचें हायकोर्ट, हीं सर्व या नव्या नगराचीं भूषणें होत. पूर्वेस महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी असें बाजारवारांचें गजबजलेलें शहर. पश्चिमेस बंगल्यांचें व कचेऱ्यांचें शहर. आणि मध्यें सीताबर्डीचा किल्ला व आगगाडीचे रूळ. एकाच नांवाचीं हीं दोन गांवें होतीं, व पुष्कळ वर्षें त्यांचा एकमेकांशीं संबंध अर्ज आणि हुकूम एवढाच होता. त्या दोहोंस जोडणारी मंडळी हिस्लॉप कॉलेज (१८८३), मॉरिस कॉलेज (१८८५) व १९२३ मध्यें स्थापन झालेलें विद्यापीठ यांतून तयार झाली. ज्या शहरांत डिसेंबर १९२० मध्यें राष्ट्रीय सभेनें असहकाराचा ठराव कायम केला व १९२३ मध्यें झेंडासत्याग्रह झाला, तें शहर केवळ साहेबांच्या कचेऱ्यांचें राहिलें नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतें; रविशंकर शुक्ल हे येथूनच कारभार पाहत. मग भाषावार प्रांतरचनेचें वारें आलें. १९५३ च्या सप्टेंबरांत झालेल्या नागपूर करारानें मराठी प्रदेश एक व्हावा, नागपुरास हायकोर्टाचें खंडपीठ असावें व वर्षांतून एक अधिवेशन येथें भरावें, असें ठरलें. १९५५ मध्यें फाजलअली आयोगानें मात्र स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मान्य झाली नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, मध्यप्रदेशाचें सरकार भोपाळास व त्याचें हायकोर्ट जबलपुरास गेलें, आणि १ मे १९६० पासून नागपूर महाराष्ट्राचें उपराजधानीचें शहर झालें. हिवाळी अधिवेशन आलें म्हणजे थोडे दिवस मोर्चे, मोटारी व मंत्री यांनीं शहर भरून जातें. नंतर विधानभवनाचीं दारें लागतात. क्योटोप्रमाणेंच कपाळीं नांव राहिलें, पण अर्ध्यानेंच!

या अन्यायाची कहाणी ऐकतच आमची पिढी वाढली. वडीलधारी मंडळी बैठकींत बसलीं म्हणजे ‘‘राजधानी होती तेव्हां’’ या शब्दांनींच बोलण्यास आरंभ होई. आम्ही तें दुःख खोटें म्हणत नाहीं. ज्यांचीं घरें कचेऱ्यांवर चालत होतीं त्यांस भोपाळास जावें लागलें, वकिलांच्या पक्षकारांचे रस्ते बदलले, आणि करारांतील आश्वासनें कितपत पाळलीं गेलीं हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. स्वतंत्र विदर्भाच्या प्रश्नावर सुज्ञांत मतभेद आहेत व ते राहोत. आमचा मुद्दा निराळा आहे. राजधानी असणें व शहर जिवंत असणें या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे; आणि त्यासाठीं खानेसुमारीचे आंकडेच साक्षीस बोलावूं.

१८७२ मध्यें नागपूरची वस्ति ८४,४४१ होती. १९०१ मध्यें ती १,२७,७३४ झाली. पुढील दहा वर्षांत शहर राजधानी होतें, प्रांतास वऱ्हाड जोडलें जाऊन त्याचा अधिकार वाढला होता. तरी प्लेगाच्या तडाख्यानें १९११ मध्यें वस्ति एक लाखाच्या आसपास उतरली. उलट १९५१ मध्यें जी सुमारें साडेचार लाख होती, ती राजधानी गेल्यावर वाढतच राहिली, व २०११ च्या खानेसुमारींत २४,०५,६६५ भरली. म्हणजे राजधानीपद असतां शहर रोडावलें व तें गेल्यावर पांचपटींहून अधिक वाढलें! क्योटोची वस्ति २०२० मध्यें साडेचौदा लाखांच्या घरांत होती. संख्येच्या बाबतींत तरी आम्हीं त्यास मागें टाकलें आहे. अर्थात् वस्ति वाढली म्हणजे सुख वाढलें असें नव्हे. परंतु शहराचा प्राण सचिवालयाच्या फायलींत बांधलेला नसतो, एवढें यावरून सिद्ध होतें.

मग तो कोठें असतो? आमचें उत्तर असें कीं, तो काम करणाऱ्या लोकांच्या हातांत व त्यांच्या स्मरणांत असतो. नागपूरचे कोष्टी घ्या. रेशीमकांठी धोतरें व लुगडीं विणणारे हे लोक भोंसल्यांच्या दरबारावर पोसले गेले खरे, पण दरबार गेल्यावर ते नाहींसे झाले नाहींत. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांनीं जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. ज्या दिवशीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली तोच हा दिवस, म्हणून गिरणीचें हें नांव. राजवाडा जळाल्याला त्या वेळीं पुरतीं तेरा वर्षेंही झालीं नव्हतीं. शहरास नवा अन्नदाता मिळाला तो राजा नव्हता, कारखाना होता. आणि शंभरांहून अधिक वर्षें तिच्या भोंग्यावर शहराचीं घड्याळें लागत. १९८६ मध्यें ती सरकारी महामंडळाकडे गेली व २००२ मध्यें बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे. आम्हांस असें वाटतें कीं, पूर्व नागपूरच्या अनेक घरांस १९५६ पेक्षां २००२ हें साल अधिक कठीण गेलें असेल. पण त्या वर्षाचें दुःख करणारे लेख आमच्या वाचनांत फारसे आले नाहींत, कारण गिरणी-कामगाराच्या घरीं बैठक नसते.

स्मरणाचेंही तसेंच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणारी काळी मारबत १८८१ पासून निघते असें सांगतात, आणि ती इंग्रजांस मिळालेल्या बांकाबाईचें प्रतीक असल्याचीही समजूत आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकेल हा भाग निराळा. पद गेलेल्या, निराधार झालेल्या एका वृद्ध राजस्त्रीनें काय करावयास हवें होतें, हें आज सांगणें फार सोपें आहे. पण ज्यांस इतिहास लिहितां येत नव्हता त्यांनीं आपला इतिहास कागदाच्या व बांबूच्या पुतळ्यांत भरून रस्त्यावर आणला व दर वर्षीं जाळला, ही गोष्ट आमच्या सर्व ग्रंथसंग्रहांहून कमी मोलाची नाहीं.

आणि १९५६ हें साल तरी केवळ गमावल्याचें कां म्हणावें? राजधानी गेली त्याच्या अठराच दिवस आधीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं याच शहरांत लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ज्या महिन्यांत कचेऱ्यांचें सामान बांधलें जात होतें, त्याच महिन्यांत दीक्षाभूमीवर माणसें नवा जन्म घेत होतीं. दर वर्षीं विजयादशमीस जे लाखों लोक येथें येतात, ते नागपूर राजधानी आहे कीं उपराजधानी हें विचारीत नाहींत. २००१ मध्यें पुरा झालेला तेथील स्तूप हें कोणत्याही राजानें न बांधलेलें या शहराचें सर्वांत मोठें स्मारक आहे. बैठकींतील वडिलांच्या तोंडून १ नोव्हेंबर आम्हीं शेकडों वेळां ऐकला. १४ ऑक्टोबर एकदांही ऐकला नाहीं. हा दोष त्यांचा जितका तितकाच तो न विचारणाऱ्या आमचाही.

क्योटोकडे शेवटीं एकदां पाहूं. सम्राट् गेल्यावर त्या शहरानें वीस-पंचवीस वर्षांत दोन कामें केलीं. एक, बिवा सरोवराचें पाणी डोंगर फोडून १८९० मध्यें कालव्यानें शहरांत आणलें, त्या पाण्यावर १८९१ मध्यें वीज निर्माण केली, आणि त्या विजेवर १८९५ मध्यें देशांतील पहिली विजेची ट्राम चालविली. दुसरें, जुनीं मंदिरें, बागा व विणकाम यांचें जतन करून त्यांतच आपली उपजीविका शोधली. एक पाऊल पुढें व एक हात मागील ठेव्यावर, असा हा तोल होता. आम्हीं पहिलें काम थोडेंफार केलें आहे. दुसऱ्याच्या बाबतींत मात्र आमचा हात रिकामा आहे. महालांतील वाडे एकामागून एक पडत आहेत व त्यांच्या कोरीव तुळया जुन्या बाजारांत विकल्या जात आहेत. जें १८५४ मध्यें परक्यांनीं लिलांवांत काढलें त्याबद्दल आम्ही अद्यापि संतापतों. जें आम्ही स्वतः काढीत आहों त्याची पावतीही ठेवीत नाहीं.

तेव्हां आमची विनंति एवढीच कीं, पुढल्या खेपेस घरांत ‘‘राजधानी होती तेव्हां’’ असा विषय निघाला म्हणजे मुलांस गांधीसागराच्या कांठीं न्यावें, आणि हा तलाव कोणीं बांधला, या कांठीं कोण विणीत होतें, येथून कोण घर सोडून गेलें व कोण नव्यानें माणूस म्हणून उभें राहिलें, हें सर्व सांगावें. म्हणजे पुनः कधीं कोणी शिक्षक तेथें उभा राहून तोच प्रश्न विचारील, तेव्हां त्या मुलीस आपलें बरोबर उत्तर मागें उभें राहून हळू आवाजांत द्यावें लागणार नाहीं.